येऊ द्या, येऊ द्या… बास!

सात रस्त्याच्या सिग्नलला मी पुढच्या रिक्षापासून हातभर लांब गाडी उभी केली, ही माझी चूक. सोलापुरात दोन गाड्यांमध्ये हातभर जागा सोडणं म्हणजे कुंपण न घालता प्लॉट टाकून परगावी जाणं. दहाव्या सेकंदाला त्या जागेत एक स्कूटी शिरली. विसाव्या सेकंदाला स्कूटीच्या आणि माझ्या मध्ये दुधाच्या दोन किटल्या लावलेली मोटारसायकल आडवी घुसली. तिसाव्याला एक शाळकरी पोरगं सायकल घेऊन आलं, तोल सांभाळायला त्यानं माझ्या बॉनेटवर हात टेकला आणि बॉनेट तापलेलं निघालं म्हणून माझ्याकडेच रागानं पाहिलं. हिरवा दिवा लागला तेव्हा मी दुसऱ्या रांगेतून पाचव्या रांगेत गेलो होतो. गाडी जागची हललीही नव्हती.

ही झाली पुढची बाजू. मागची बाजू बंपरवर लिहिलेली आहे. तिथं तेव्हा तीन पोचे होते. एक पाण्याच्या टँकरचा, एक रिक्षाचा आणि तिसरा आमच्याच सोसायटीतल्या चेअरमनसाहेबांचा. हा तिसरा सगळ्यांत खोल आहे. तिघांनीही खाली उतरून पोच्याकडे पाहिलं आणि तिघांच्या तोंडून एकच वाक्य आलं, "काय नाय झालं मामा, जरा लागलंय."

सोलापुरात मला ओळखीचे-बिनओळखीचे सगळेच मामा म्हणतात. त्यांतला अधिकृत एकच, माझा भाचा. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला रीतसर मामा बनवण्याचा हक्कही त्याचाच, आणि तो त्यानं बजावला. एका रविवारी तो कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा तिसरा वाडगा संपवून म्हणाला, "मामा, आमचा प्रोजेक्ट समाजोपयोगी पाहिजे म्हणतेत सर."

"मग?"

"दोन गाड्यांमधलं अंतर मोजायचं. पुढची गाडी लै जवळ आली की बझर वाजणार."

"सोलापुरात?"

"हौ की."

"मग तो बझर बंद कधी होणार?"

भाच्यानं प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. चार पोरांचा ग्रुप होता, चौघांनी मिळून १२०० रुपये जमवले होते आणि त्यातले ५०० प्रोजेक्टवर चर्चा करताना चहा-वड्यात गेले होते. उरलेल्या ७०० रुपयांत सेन्सर, सर्किट, बझर आणि काळ्या बाइंडिंगचा रिपोर्ट बसवायचा होता. गाडी माझी घ्यायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. "तुमच्या गाडीला काय झालं तरी कळणार नाही मामा," असं त्यांतला एक प्रामाणिक मुलगा म्हणाला.

आता माझी अडचण सांगतो. मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. टेबलावरचा स्टेपलर घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि साहेबांनी त्यातलं सगळ्यांत स्वस्त नाकारून मधलं मंजूर करायचं, या संस्कारात माझी ३४ वर्षं गेली. त्यामुळे "स्वस्तातला चांगला सेन्सर निवडायचाय" हे वाक्य कानावर पडताच माझ्यातला निवृत्त कारकून खडबडून जागा झाला. मी म्हटलं, "निवड माझ्यावर सोडा."

पोरांनी सोडली. तिथंच प्रोजेक्ट सहा आठवडे लांबला.

तक्ता मी फुलस्केप कागदावर आखला. पहिला उमेदवार इन्फ्रारेडवाला. हा डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतो आणि परत आलेल्या उजेडावरून अंतर सांगतो. किंमत चारपाचशे रुपये, नजर जेमतेम ८० सेंटीमीटर. सावलीत शहाण्यासारखा वागतो, पण उन्हात नेला की सूर्याचाच इन्फ्रारेड त्याच्या डोळ्यांत जातो आणि तो वाटेल ते आकडे बोलू लागतो. मार्च ते जून सोलापुरात माणसांचंही हेच होतं, पण माणसाला निदान पन्हं देता येतं. इन्फ्रारेड बाद.

दुसरा लेझरवाला. नखाएवढी चकती. उजेड जाऊन परत यायला किती वेळ लागला हे मोजते, दोनेक मीटरपर्यंत बघते आणि दोनशेच्या आसपास मिळते. वाचताना फार आवडली. पुढं बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कडक उन्हात हिची नजर बरीच कमी होते आणि समोरची वस्तू काळी असली तर आणखी कमी. म्हणजे दुपारी बारा वाजता विजापूर रोडला काळी मोटार पुढं असेल तर हिचा उपयोग नाही. आणि विजापूर रोडला दुपारी बारा वाजता काळ्या मोटारीशिवाय दुसरं काय पुढं असतं?

तिसरा त्याच जातीतला मोठा भाऊ, लायडार. हा ८ मीटर बघतो पण दोनेक हजार मागतो. "घेऊया का?" असं मी विचारल्यावर चौघं मुलं माझ्याकडे जावयाकडे पाहावं तशी पाहू लागली. चौथा रडार. हा ७७ गिगाहर्ट्‌झवर चालतो, दीडदोनशे मीटर लांबचं ओळखतो आणि महागड्या गाड्यांमध्ये कंपनीतूनच बसून येतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलानं अशी गाडी घेतलीये. ती पुढच्या वाहनापासून आपणहून अंतर राखते, कुणी मध्ये घुसलं की वेग कमी करते. "सोलापुरात हे सुरू करून बघितलंस का?" मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "एकदाच. ती अंतर ठेवते, त्यात रिक्षा घुसते. ती मागे राहते, त्यात टमटम घुसते. तसंच चालू ठेवलं असतं तर पुण्याला निघालेला मी मागे मागे सरकत तुळजापूरला पोचलो असतो."

उरला पाचवा, अल्ट्रासोनिक. नाव एचसी-एसआर०४. या नावाच्या वस्तूकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवणार नाही, पण गुणाचा आहे. हिरव्या पट्टीवर चांदीच्या रंगाचे दोन गोल डोळे, पिंगळ्यासारखे. त्यांतला एक डोळा बोलतो, दुसरा ऐकतो. बोलणारा ४० किलोहर्ट्‌झवर आठ ठोके देतो, आपल्या कानाच्या कुवतीच्या दुप्पट वर. ते समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, ऐकणारा ते टिपतो आणि जाऊन यायला लागलेल्या मायक्रोसेकंदांना ५८ नं भागलं की सेंटीमीटर मिळतात. एकानं बोलून झाल्यावर दुसऱ्यानं ऐकायचं आणि मगच हिशेब करायचा, ही शिस्त या सत्तर-नव्वद रुपयांच्या वस्तूत आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला मी तो टेबलावर ठेवायला नेणार होतो.

याची नजर २ सेंटीमीटरपासून ४ मीटरपर्यंत. चार मीटर ऐकायला बरं वाटतं. पण ताशी ६० नं जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, म्हणजे चार मीटर पाव सेकंदात संपतात. पाव सेकंदात मी "अरे" सुद्धा पूर्ण म्हणू शकत नाही, "अ" वर असतो. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, तुम्ही साठनं कधी गेलाव?" तेही खरंच. मरीआई चौक ते पार्क चौक माझा सरासरी वेग चालत जाणाऱ्या माणसापेक्षा जास्त असतो, असं मी शपथेवर सांगणार नाही.

तेव्हा अल्ट्रासोनिक ठरला. आता कोटेशनं. इथल्या दुकानात भाव ९० रुपये. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत तो ६५ ला मिळतो, असं मला कळलं. एका नगामागे २५ रुपये! ३४ वर्षांच्या संस्कारांनी मला झोपू दिलं नाही. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, पुण्यात उतरलो, मिसळ खाल्ली, रिक्षा केली आणि गल्लीत पोचलो. दुकानातला पोरगा माझ्या मुलापेक्षाही लहान.

"किती नग, काका?"

"एक."

"एक? कुठनं आलात?"

"सोलापूर."

तो काही बोलला नाही. त्यानं शेजारच्या दुकानदाराला खुणेनं बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"ओरिजिनल आहे ना?" मी विचारलं.

"काका, याचं ओरिजिनल अजून कुणी बघितलेलं नाही."

मी दोन घेतले, कारण एकाच नगाचं बिल मागायला लाज वाटली. परत आल्यावर हिशेब मांडला. बचत ५० रुपये. खर्च लिहून ठेवला आहे, पण तो मी घरातही कुणाला दाखवलेला नाही.

सेन्सर बसवणं हा एका दुपारचा कार्यक्रम होता. त्यात एम-सील, इन्सुलेशन टेप आणि साबणाची एक रिकामी डबी कामी आली. पुढच्या जाळीत दोन डोळे बसले. वायर बॉनेटखालून आत आली आणि डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी बझर विराजमान झाला. एक मीटरच्या आत कुणी आलं की बीप-बीप, अर्ध्या मीटरच्या आत आलं की सलग. पहिला प्रतिसाद कुत्र्यांचा. त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी वरचं ऐकू येतं, अगदी ४० हजारांच्याही पुढचं. आमच्या गल्लीतली तीन कुत्री, जी एरवी गाडीखाली झोपतात आणि हॉर्नलाही दाद देत नाहीत, ती उठून गाडीसमोर ओळीनं बसली आणि जाळीकडे मान वाकडी करून पाहू लागली. माझ्या गाडीला इतक्या आदरानं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

पहिली चाचणी पहाटे होटगी रोडला घेतली. रस्ता संपूर्ण मोकळा. पुढं गाडी नाही, माणूस नाही, म्हैस नाही. आणि बझर कोकलत होता, सलग. मी ब्रेक दाबला, खाली उतरून पाहिलं, पुन्हा बसलो. पुन्हा सलग. शेवटी भाच्याच्या ध्यानात आलं. समोर काहीच नसलं तर आवाज परत येत नाही, परत आला नाही तर त्याचा प्रोग्रॅम उत्तर शून्य धरतो, आणि शून्य सेंटीमीटर म्हणजे धडक झालीच. मोकळा रस्ता दिसला की माझी गाडी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. सोलापूरची गाडी आहे. मोकळा रस्ता बघून घाबरणारच.

"दुरुस्त करतो," भाचा म्हणाला. "शून्य आलं की रस्ता मोकळा समजायचं. साधी एक ओळ आहे." ही साधी एक ओळ लक्षात ठेवा. तिच्यामुळं पुढं मी टॉवेलात गेलो.

दुसरी चाचणी भर संध्याकाळी, सात रस्ता ते नवी पेठ. इथं बझर सुरू झाला तो नवी पेठ संपेपर्यंत थांबला नाही. एक मीटर हे अंतर या भागात जुन्या फोटोंत असावं. पुढं हातगाडी, डावीकडून स्कूटी, उजवीकडून आणखी एक मामा. एकदा तर आकडा मीटरवरून हातावर, हातावरून वितीवर आला आणि दोन सेंटीमीटरच्या आत गेल्यावर सेन्सरनं माहिती देणंच सोडलं, वाटेल ते सांगू लागला. तेवढ्यात शेजारी परिवहनची बस थांबली, तिच्या ब्रेकनं मोठ्ठं "फुस्स" केलं. हवेच्या त्या फुसकाऱ्यात आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाजही असतात, तेही सेन्सरनं ऐकले आणि बसच्या ब्रेकला त्यानं बीप-बीप करून उत्तर दिलं. दोघांचं थोडा वेळ संभाषण झालं.

पण या चाचणीत एक विचित्र गोष्ट घडली. खिडक्या उघड्या होत्या, आवाज बाहेर जात होता. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ मामा, रिव्हर्स येलालाव काय?" मी आरशात पाहिलं. तो मागे सरकत होता. त्याच्यामागची मोटारसायकल मागे सरकत होती. तिच्यामागचा टेम्पो हात दाखवून आणखी मागच्यांना सरकवत होता. माझ्या गाडीच्या मागे, ऐन नवी पेठेत, सहा फूट मोकळी जमीन निर्माण झाली! पुढचं अंतर मोजायला बसवलेल्या यंत्रानं मागचं अंतर मिळवून दिलं होतं. मोटार वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांत पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर राखा असं सांगितलंय. ते त्या सहा फुटांत पहिल्यांदाच मूर्तिमंत दिसलं आणि माझे डोळे पाणावले. तोवर त्या जागेत एक पाणीपुरीवाला गाडा घेऊन आला.

इथं मला रिव्हर्सबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. माझी गाडी २०११ ची, तिला ते नाहीत. पण गेल्या इतक्या वर्षांत मला त्यांची उणीव भासली नाही, कारण सोलापुरात तुम्ही रिव्हर्स गिअर टाकला की भिंतीतून, पानपट्टीतून, झाडावरून एक माणूस प्रकट होतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. तो तुमच्या गाडीच्या मागे उभा राहतो, एका हातानं मोबाइल कानाला लावतो, दुसरा हात हवेत हलवतो आणि म्हणतो, "येऊ द्या, येऊ द्या…" आवाजात इतका विश्वास असतो की आपण मागे बघणंच सोडून देतो. "येऊ द्या… बसतंय, बसतंय… अजून येऊ द्या…" मग पत्र्यावर तळहाताची एक थाप, धब्ब. मग खांबाचा आवाज. आणि त्यानंतर, अत्यंत शांतपणे, "बास."

मी या माणसांचा अभ्यास केलाय. त्यांची अचूकता थक्क करणारी असते. "बास" हा शब्द आवाजाच्या आधी एकदाही आलेला मी ऐकला नाही, पण आवाजानंतर पाऊण सेकंदाच्या पुढेही कधी गेला नाही. यांना ऊन लागत नाही, बॅटरी लागत नाही. गाडी काळी असो, पांढरी असो, "बसतंय" हेच उत्तर. धडकेनंतर पोच्यावर अंगठा फिरवून "पुसलं की जातंय" एवढा अहवालही ते फुकट देतात. एकदा मी सेन्सर आणि असा एक माणूस दोघांना एकाच वेळी कामाला लावलं. सेन्सर जाळीतून काढून मागच्या बंपरला चिकटवला आणि गाडी मागे घेऊ लागलो. सेन्सर एक मीटरला वाजू लागला. माणूस म्हणाला, "ते काय वाजलालंय त्याच्याकडे लक्ष देऊ नका मामा, मी हाय." मी माणसावर विश्वास ठेवला. चौथा पोचा त्याचाच.

मे महिना लागला आणि नवाच घोळ निघाला. दिवसा ४३ अंश चालू होते. भिंतीपासून टेपनं बरोबर ४ मीटर मोजून सेन्सर लावला तर तो ३ मीटर ८४ सेंटीमीटर सांगू लागला. मला वाटलं, पुणेरी माल. भाच्यानं वही काढून समजावलं. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, प्रत्येक अंशामागे तो साधारण साठ सेंटीमीटरनं वाढतो, ४३ अंशांना तो ३५७ च्या घरात जातो. आवाज लवकर जाऊन येतो, म्हणून सेन्सरला भिंत जवळ आल्यासारखी वाटते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी एक ते चार अख्खं सोलापूर आडवं झालेलं असताना एक आवाज तेवढा नेहमीपेक्षा जोरात पळत असतो. त्यानं तरी कशाला पळावं, असं मला वाटून गेलं. तापमानाचा वेगळा सेन्सर लावला की ही चूक दुरुस्त होते, असंही वहीत होतं. मी म्हटलं, तापमान आकड्यात बघून चूक दुरुस्त होत असेल, पण मनस्ताप वाढतो. नको.

आणि मग टॉवेल.

अक्कलकोट रोडची एमआयडीसी. सकाळची वेळ, मी एका टेम्पोच्या मागे चाललो होतो. टेम्पोत वरपर्यंत टेरी टॉवेल रचलेले, मागचं फाळकं खाली पाडलेलं, टॉवेलांच्या घड्या बाहेर आलेल्या, वरून एक दोरी. आज यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून मी मुद्दाम त्याच्यावरच भिस्त ठेवली. बझर गप्प. मी जवळ जातोय, बझर गप्प. मी मनात म्हटलं, अंतर भरपूर असणार, यंत्र सांगतंय म्हणजे. टेम्पो थांबला. बझर गप्प. मी टॉवेलात गेलो.

आवाज झालाच नाही. उशीवर डोकं ठेवावं तशी गाडी अलगद थांबली. टेम्पोवाला खाली उतरला. त्यानं माझ्या बॉनेटवर पसरलेले सहा टॉवेल पाहिले, मला पाहिलं.

"टॉवेल पाहिजे होते तर दुकानात जायचं की मामा."

मी त्याला सेन्सर दाखवला, ५८ नं भागण्याची रीत सांगितली. तो शांतपणे ऐकत टॉवेलांच्या घड्या घालत होता. भाच्याला फोन केला, तेव्हा तिकडून आधी बराच वेळ शांतता आणि मग उत्तर आलं. हा आवाज कडक, सपाट वस्तूवरून छान परत येतो, पत्रा असो, भिंत असो, काच असो. मऊ कापूस मात्र तो पिऊन टाकतो. टेरी टॉवेलात तर सुताचे उभे फासेच फासे. त्यात शिरलेला आवाज परत येत नाही. परत आला नाही म्हणजे शून्य. आणि शून्य म्हणजे, आपल्या त्या साध्या एका ओळीनुसार, रस्ता मोकळा.

टेरी टॉवेल आणि चादर या सोलापूरच्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे. जगातल्या कुठल्याही शहरात हा सेन्सर पुढची गाडी ओळखेल, पण जिथं पुढच्या गाडीत टॉवेल आणि चादरी असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, त्याच गावात तो आणून मी बसवला, तोही तीन कोटेशनं घेऊन. ऊस गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, त्यांच्यामागे यानं काय सांगितलं असतं याचा विचार मी सोडून दिला. ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोकं आवाजाला दाही दिशांना पाठवतात. शिवाय त्या ट्रॉलीमागे "अंतर ठेवा" लिहिलेलं असतं, ते उसानं झाकलेलं असतं, आणि ऊस काढून ते वाचायला जावं तर अंतर राहत नाही.

प्रोजेक्ट मात्र पास झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पोरांना तीनच प्रश्न विचारले. "रेंज किती?" "चार मीटर, सर." "खर्च?" "सातशे, सर." (माझी हुतात्मा एक्स्प्रेस आणि मिसळ धरली नव्हती.) "पावसात चालतो का?"

भाचा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, सोलापूर आहे."

परीक्षकांनी मान डोलावून सही केली.

आता तो सेन्सर गाडीवर नाही. तो आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला उलटा टांगलाय. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधले दिवस टाकीत किती उरलं याची चिंता करण्यात जातात. पूर्वी मी शिडीवर चढून टॉर्च मारून बघायचो. आता तो झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये सांगतो, खाली स्वयंपाकघरात आकडा दिसतो. आत ऊन नाही, टॉवेल नाही, मध्ये घुसणारी स्कूटी नाही. पाणी सपाट असतं आणि मुख्य म्हणजे "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला तिथं कुणी नाही. टाकीतल्या वाफेनं पहिला नग महिन्याभरात गंजला, तेव्हा पुण्याहून आणलेला दुसरा लावला. त्या ५० रुपयांच्या बचतीचा असा उपयोग झाला, हे मी घरी दोनदा सांगितलं. सौभाग्यवती सकाळी आकडा बघूनच धुणं काढायचं की नाही ते ठरवते. सोसायटीचे चेअरमनसाहेब, तेच ते खोल पोचावाले, रोज संध्याकाळी जिन्यातून विचारतात, "आज किती?" काल ९४ होता. त्यांनी लगेच घरी जाऊन बादल्या भरल्या.

बझर मात्र मी गाडीतून काढलेला नाही. सेन्सरची वायर तोडून त्याला एक साधं बटण लावून घेतलंय, खर्च १५ रुपये, कोटेशन एकच. तेव्हा संध्याकाळी सात रस्त्याला किंवा नवी पेठेत एखाद्या जुन्या पांढऱ्या गाडीतून रिव्हर्सची बीप-बीप ऐकू आली तर घाबरू नका. गाडी मागे येणार नाही. तुम्ही तेवढे सहा फूट मागे सरका, आणि कृपा करून पाणीपुरीवाल्याला तिथं गाडा लावू देऊ नका.